जुन्या वाहनांतील हायड्रॉलिक ब्रेकचे दोषनिदान

द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेक यंत्रणेतील बिघाडाचे मूळ ठिकाण व कारण क्रमवार तपासणीने निश्चित करण्याच्या प्रक्रियेस हायड्रॉलिक ब्रेकचे दोषनिदान असे म्हणतात. जुन्या वाहनांत बिघाडाची सूचना देणारी इलेक्ट्रॉनिक साधने नसतात. त्यामुळे पेडलचा पायाला जाणवणारा प्रतिसाद, ब्रेक ऑइलची पातळी व स्थिती आणि प्रत्येक चाकाचे वर्तन या तीन गोष्टींवरून निदान करावे लागते. एकच लक्षण अनेक कारणांनी उद्‌भवू शकते. म्हणून सुटे भाग बदलण्यापूर्वी कारणे एकेक करून वगळत जाणे हे या पद्धतीचे मुख्य सूत्र आहे. रायगड जिल्ह्यातील न्हावा शेवा व उरण यांसारख्या किनारी भागांत दमट व खारट हवेमुळे ब्रेक ऑइल आणि धातूच्या नळ्या लवकर खराब होतात. तेथे वाहन वरकरणी सुस्थितीत दिसत असतानाही ही तपासणी आवश्यक ठरते.

पार्श्वभूमी

मोटारींतील हायड्रॉलिक ब्रेकच्या विकासात अमेरिकेतील माल्कम लॉकहीड यांचे काम महत्त्वाचे मानले जाते. १९२१ मध्ये विक्रीस आलेल्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए या मोटारीला चारही चाकांवर हायड्रॉलिक ब्रेक होते. त्यापूर्वी मोटारींचे ब्रेक बहुधा तारा व दांडे यांच्या साहाय्याने ओढले जात. त्यांत सर्व चाकांवर सारखा जोर राखणे अवघड असे.

भारतात हिंदुस्तान अँबेसेडर, मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी, महिंद्राच्या जीपगाड्या आणि बजाज टेम्पोची मॅटाडोर या वाहनांमुळे हायड्रॉलिक ड्रम ब्रेक गावोगावच्या गॅरेजांत परिचित झाले. मुंबईच्या टॅक्सीसेवेतून पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर बाहेर पडली. तथापि हौसेने जतन केलेल्या मोटारी, जीपगाड्या, लहान टेम्पो आणि तीनचाकी रिक्षा यांत या प्रकारचे ब्रेक अद्याप आढळतात.

न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर मे १९८९ मध्ये कार्यान्वित झाले. बंदरातून कंटेनर वाहून नेणाऱ्या अवजड ट्रेलरना हवेच्या दाबावर चालणारे एअर ब्रेक असतात. त्यांचे दोषनिदान वेगळ्या पद्धतीने होते व ते या लेखाच्या कक्षेत येत नाही. मात्र त्याच रस्त्यांवरून धावणाऱ्या मोटारी, रिक्षा व लहान मालवाहू गाड्यांचे ब्रेक सामान्यतः हायड्रॉलिक असतात.

रचना व कार्य

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, या पास्कलच्या नियमावर ही यंत्रणा आधारलेली आहे. चालकाने पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो. त्यामुळे निर्माण झालेला दाब धातूच्या नळ्या व रबरी होज पाइप यांतून चाकांजवळील व्हील सिलिंडरपर्यंत जातो. ड्रम ब्रेकमध्ये व्हील सिलिंडरचे दट्टे ब्रेक शू बाहेर ढकलतात व शूवरील लायनर फिरत्या ड्रमवर घासतात. डिस्क ब्रेकमध्ये कॅलिपरमधील दट्ट्या पॅडना चकतीवर दाबतो.

उदाहरणार्थ, पेडलवर २० किलोग्रॅम जोर दिला आणि तरफेने तो पाचपट झाला, तर मास्टर सिलिंडरवर १०० किलोग्रॅम जोर पडतो. दट्ट्याचे क्षेत्रफळ ४ चौरस सेंटिमीटर असल्यास दर चौरस सेंटिमीटरला २५ किलोग्रॅम दाब निर्माण होतो. ५ चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या व्हील सिलिंडरच्या दट्ट्यावर तोच दाब १२५ किलोग्रॅम जोर देतो.

दट्ट्या ३ सेंटिमीटर सरकला तरी या उदाहरणात केवळ १२ घन सेंटिमीटर द्रव पुढे ढकलला जातो. इतक्या थोड्या द्रवावर सर्व चाकांचे ब्रेक अवलंबून असल्याने एक-दोन घन सेंटिमीटर हवा शिरली किंवा तेवढी गळती झाली तरी पेडलच्या प्रतिसादात फरक पडतो. द्रव जवळजवळ दाबला जात नाही, हवा मात्र सहज दाबली जाते; पेडलवरून निदान करता येते ते या फरकामुळेच.

अनेक जुन्या वाहनांत सर्व चाकांसाठी एकच द्रवमार्ग असतो. अशा वाहनात कोठेही नळी फुटली तर सर्व चाकांचे पायब्रेक एकाच वेळी निकामी होतात व केवळ यांत्रिक हातब्रेक उरतो. नंतरच्या वाहनांत द्रवमार्ग दोन भागांत विभागलेला असतो. त्यामुळे एक भाग निकामी झाला तरी दुसऱ्यावर वाहन थांबवता येते, मात्र थांबण्यास अधिक अंतर लागते. तपासणीपूर्वी वाहन कोणत्या प्रकारचे आहे हे माहीत असणे आवश्यक असते.

ब्रेक ऑइल

बोलीभाषेत या द्रवाला ब्रेक ऑइल म्हणतात. परंतु तो खनिज तेलाचा प्रकार नाही. सर्वसामान्य वाहनांतील ब्रेक ऑइल ग्लायकॉल ईथर वर्गातील रसायनांपासून बनते. नावामुळे फसून त्यात इंजिन ऑइल मिसळल्यास किंवा सिलिंडरचे भाग डिझेल-पेट्रोलने धुतल्यास रबरी वॉशर फुगतात व दट्टे अडकतात. अशा वेळी यंत्रणा पूर्ण रिकामी करून स्वच्छ करावी लागते आणि होज पाइपसह सर्व रबरी भाग बदलावे लागतात. टाकीतील द्रवाचे काही थेंब पाण्यात टाकून प्राथमिक चाचणी करता येते. ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते, तर खनिज तेल तरंगते. सिलिकॉनयुक्त डॉट ५ हा प्रकारही पाण्यात मिसळत नाही; तो अन्य प्रकारांत मिसळू नये.

ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल हवेतील आर्द्रता शोषून घेते. ही आर्द्रता टाकीच्या झाकणातून व होज पाइपच्या रबरातूनही हळूहळू आत शिरते. पाण्याचे प्रमाण वाढले की द्रवाचा उत्कलनांक उतरतो. प्रमाणित किमान उत्कलनांक पुढीलप्रमाणे आहेत :

- डॉट ३ : कोरडे असताना २०५° सेल्सियस, ओलावा शोषल्यावर १४०°
- डॉट ४ : कोरडे असताना २३०°, ओलावा शोषल्यावर १५५°
- डॉट ५.१ : कोरडे असताना २६०°, ओलावा शोषल्यावर १८०°

घाटउतारावर सतत ब्रेक वापरल्यास चाकांजवळील ब्रेक ऑइल तापते. ते उकळले तर वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पेडल एकाएकी तळापर्यंत जाते. या अवस्थेला व्हेपर लॉक असे म्हणतात. यंत्रणा थंड झाल्यावर वाफ विरते व ब्रेक पूर्ववत लागतात. म्हणूनच गॅरेजमध्ये थंड अवस्थेत घेतलेल्या चाचणीत हा दोष सापडत नाही. घाटात ब्रेक गेले, पण खाली आल्यावर ठीक वाटले, अशी तक्रार असल्यास ब्रेक ऑइलचा उत्कलनांक तपासणे किंवा ते थेट बदलणे इष्ट असते. ते किती जुने आहे हे ठाऊक नसल्यास तीही एक धोक्याची खूण समजावी. सामान्यतः दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलण्याची शिफारस केली जाते. वाहनाच्या पुस्तिकेत याहून कमी मुदत दिली असल्यास ती पाळावी.

किनारी हवामानाचा परिणाम

न्हावा शेवा परिसर समुद्रालगत असून पावसाळ्यात तेथे मुसळधार पाऊस पडतो. खाऱ्या व दमट हवेचे यंत्रणेवर प्रामुख्याने तीन परिणाम होतात.

पहिला परिणाम बाहेरून गंजण्याचा. चासीला क्लिपांनी बांधलेल्या पोलादी नळ्यांखाली चिखल व क्षार साठतात आणि नळी आवरणाआडून गंजत जाते. बाकीची नळी चांगली दिसत असतानाही क्लिपखालील भाग पातळ झालेला असू शकतो. म्हणून क्लिप सोडवून, नळी पुसून पाहावी लागते. खड्डे पडलेली नळी तात्पुरती न जोडता पूर्ण बदलावी. तांबे-निकेल मिश्रधातूची नळी खाऱ्या हवेत पोलादापेक्षा अधिक टिकते.

दुसरा परिणाम आतून गंजण्याचा. शोषलेल्या ओलाव्यामुळे सिलिंडरच्या आतील पृष्ठभागावर बारीक खड्डे पडतात व रबरी वॉशर झिजतात. बराच काळ उभ्या असलेल्या वाहनात हे विशेषकरून घडते, कारण दट्टे एकाच जागी राहतात.

तिसरा परिणाम चाकांच्या यांत्रिक भागांवर होतो. पावसाळ्यात हातब्रेक ओढून दीर्घकाळ उभ्या ठेवलेल्या गाडीचे लायनर गंजामुळे ड्रमला चिकटतात. त्याचा द्रवदाबाशी संबंध नसतो.

प्राथमिक तपासणी

वाहन न चालवता पुढील गोष्टी आधी पाहिल्या जातात :

- टाकीतील पातळी : लायनर किंवा पॅड झिजल्याने पातळी सावकाश उतरू शकते; परंतु वारंवार भर घालावी लागत असल्यास गळती आहे असे मानावे.
- ब्रेक ऑइलचा रंग : काळपट किंवा गढूळ रंग जुनेपणा वा मिसळ दर्शवतो. मात्र स्वच्छ रंगावरून ओलावा नाही असे अनुमान काढता येत नाही.
- गळतीची ठिकाणे : मास्टर सिलिंडरची मागील बाजू, नळ्यांचे सांधे, होज पाइपची टोके, चाकांची आतील बाजू आणि हवा काढण्याचे निप्पल.
- ब्रेक दिव्याचा स्विच : अनेक जुन्या वाहनांत तो द्रवमार्गावरच बसवलेला असतो व तेथूनही गळती होते.
- होज पाइप : भेगा, फुगवटा व घासल्याच्या खुणा.

व्हील सिलिंडरची गळती बहुधा ड्रमच्या आत राहते. सिलिंडरवरील रबरी टोपी किंचित उचलून पाहिल्यास आतील ओल दिसते. ब्रेक ऑइलने भिजलेले लायनर धुऊन पुन्हा वापरू नयेत.

पेडलच्या प्रतिसादावरून निदान

पेडल मऊ लागणे : पेडल स्पंजासारखे दबत असेल व भराभर दाबल्यावर सुधारत असेल, तर बहुधा द्रवात हवा शिरलेली असते. हवा काढूनही मऊपणा राहिल्यास दाबाखाली होज पाइप फुगतो काय, हे मदतनिसाकरवी पेडल दाबून पाहावे. नवे लायनर ड्रमच्या गोलाईशी जुळत नसल्यासही असा अनुभव येतो.

पेडल खोल जाणे, परंतु तेथे घट्ट लागणे : पुन्हा दाबल्यावर पेडल वर येत असल्यास शू व ड्रम यांतील अंतर वाढलेले असते. पुष्कळ जुन्या ड्रम ब्रेकमध्ये हे अंतर हाताने जुळवावे लागते. हे काम न करता मास्टर सिलिंडर बदलल्यास तक्रार कायम राहते.

पेडल सावकाश खाली सरकणे : पेडल स्थिर जोराने दाबून ठेवले असता खाली जात राहिल्यास दाब कोठूनतरी निसटत आहे. बाहेर गळती आढळत नसेल व टाकीतील पातळीही उतरत नसेल, तर मास्टर सिलिंडरमधील वॉशरवरून द्रव मागे परतत असण्याची शक्यता सर्वाधिक असते. बूस्टर असलेल्या वाहनात पातळी उतरते पण गळती दिसत नाही, अशा वेळी द्रव बूस्टरमध्ये जात आहे काय हे तपासावे.

पेडल कठीण, परंतु थांबण्याची क्षमता कमी : बूस्टर असल्यास इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबावे, नंतर दाबून धरून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेल्यास बूस्टर कार्यरत असतो. न गेल्यास निर्वात नळी, तिचा झडपभाग किंवा बूस्टर सदोष असतो. बूस्टर नसलेल्या वाहनात गुळगुळीत झालेले वा तेलकट लायनर आणि अडकलेले दट्टे ही प्रमुख कारणे होत.

पेडलमध्ये ठोके जाणवणे : ड्रमची गोलाई बिघडणे किंवा चकती वाकडी फिरणे हे याचे नेहमीचे कारण असते. हा यांत्रिक दोष असून हवा काढल्याने तो जात नाही.

चाकांच्या वर्तनावरून निदान

ब्रेक लावताच गाडी एका बाजूला ओढली जात असेल, तर त्या बाजूचा ब्रेक जोराने लागत आहे असा समज होतो. प्रत्यक्षात अनेकदा विरुद्ध बाजूचा ब्रेक कमी लागत असतो. म्हणून दोन्ही बाजूंची चाके तपासावी लागतात. अडकलेला व्हील सिलिंडर, आतून बंद झालेला होज पाइप किंवा तेलकट लायनर ही त्याची कारणे असू शकतात. टायरमधील हवेचा असमान दाब व सस्पेन्शनमधील ढिलेपणा आधी वगळावा.

पेडल सोडूनही चाक जाम राहत असल्यास वाहन सुरक्षितपणे उचलून त्या चाकाचे निप्पल किंचित उघडावे. चाक लगेच मोकळे झाले, तर आत दाब अडकलेला होता हे सिद्ध होते. चाक मोकळे न झाल्यास दट्ट्या, परतीची स्प्रिंग किंवा हातब्रेकची तार यांत दोष असतो.

दाब अडकल्याचे आढळल्यास निप्पल बंद करून पेडल पुन्हा दाबावे व सोडावे. चाक जाम झाल्यावर होज पाइपच्या मास्टर सिलिंडरकडील टोकाचा सांधा सैल करावा. चाक मोकळे झाल्यास अडथळा त्या सांध्याच्या मागे, म्हणजे धातूच्या नळीत किंवा मास्टर सिलिंडरमध्ये असतो. मोकळे न झाल्यास होज पाइप आतून सुजून बंद झालेला असतो. अशा पाइपातून पेडलच्या जोराने द्रव पुढे जातो, परंतु स्प्रिंगच्या कमी जोराने परत येत नाही.

सर्वच चाके जाम होत असल्यास पेडल व मास्टर सिलिंडर यांच्यातील मोकळी चाल पाहावी. ती नसल्यास दट्ट्या पूर्ण मागे येत नाही, द्रव टाकीत परतण्याचे सूक्ष्म छिद्र झाकलेले राहते आणि तापलेल्या द्रवाचा दाब वाढत जातो. वॉशर फुगल्यानेही हेच घडते.

दोषाचे स्थान निश्चित करणे

मास्टर सिलिंडर वेगळा तपासण्यासाठी त्याच्या बाहेर जाणाऱ्या नळ्या काढून तोंडे योग्य आट्यांच्या बुचांनी बंद करतात. या स्थितीत पेडल उंच व घट्ट राहिल्यास मास्टर सिलिंडर निर्दोष असून बिघाड पुढे आहे. पेडल तरीही खाली सरकल्यास दोष मास्टर सिलिंडरमध्येच आहे. यानंतर एकेक चाक जोडत गेल्यास सदोष भाग सापडतो. होज पाइप चिमट्याने दाबून एकेक चाक वेगळे करण्याची पद्धतही प्रचलित आहे. परंतु जुने रबर त्यामुळे आतून फाटू शकते. म्हणून जुन्या वाहनात बुचांची पद्धत अधिक सुरक्षित ठरते.

पाणी व उष्णता यांमुळे होणारा भास

साचलेल्या पाण्यातून गाडी गेल्यावर ड्रम ओले होतात. पेडल उंच व घट्ट लागते, परंतु गाडी थांबत नाही. हळू वेगात काही वेळा ब्रेक लावल्यावर क्षमता परत येते. येथे द्रवदाब ठीक असून केवळ घर्षण कमी झालेले असते.

उष्णतेने लायनरचे घर्षण घटल्यासही पेडल घट्ट राहते. याउलट ब्रेक ऑइल उकळल्यास पेडल तळाला जाते. बोरघाटासारख्या दीर्घ उतारावर उद्‌भवलेल्या तक्रारीत हा फरक निर्णायक ठरतो. खालच्या गिअरमध्ये उतरून इंजिनाच्या अवरोधाचा उपयोग केल्यास दोन्ही धोके कमी होतात. वेगाचा परिणामही लक्षात घ्यावा लागतो. ताशी १०० किलोमीटर वेगातील वाहन थांबवताना ताशी ५० किलोमीटर वेगाच्या तुलनेत चौपट ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्‌घाटन झालेल्या शिवडी–न्हावा शेवा अटल सेतूसारख्या जलद मार्गावर जुने वाहन नेताना हे विशेष महत्त्वाचे आहे.

हवा काढणे व अंतिम चाचणी

दुरुस्तीनंतर द्रवमार्गातील हवा काढावी लागते. त्याआधी शू व ड्रम यांतील अंतर जुळवून घेतात. पुस्तिकेत वेगळा क्रम दिला नसल्यास मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. उजव्या बाजूस चालक असलेल्या वाहनात हा क्रम बहुधा मागील डावे, मागील उजवे, पुढील डावे व पुढील उजवे असा असतो. निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक ब्रेक ऑइलच्या बाटलीत बुडवतात. मदतनीस पेडल दाबून धरतो, निप्पल उघडून बंद केले जाते व मगच पेडल सोडले जाते. बुडबुडे थांबेपर्यंत ही कृती करतात. टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये आणि बाहेर आलेले ब्रेक ऑइल पुन्हा वापरू नये.

जुन्या मास्टर सिलिंडरचे पेडल तळापर्यंत दाबणे टाळतात. रोजच्या वापरात दट्ट्या जेथे पोहोचत नाही तेथे गंज साठलेला असतो व त्यावर घासून वॉशर फाटू शकतो. त्यामुळे हवा काढण्यापूर्वी चांगला असलेला सिलिंडर नंतर सदोष ठरल्याची उदाहरणे दिसतात.

शेवटी पेडल जोराने दाबून सुमारे अर्धा मिनिट धरावे, सर्व सांधे पुसून पाहावेत आणि मोकळ्या सपाट जागी अतिशय कमी वेगात चाचणी घ्यावी. काही किलोमीटरनंतर चारही चाकांच्या उष्णतेची तुलना केल्यास अडकणारा ब्रेक लक्षात येतो.

सुरक्षितता

उचललेले वाहन केवळ जॅकवर न ठेवता भक्कम आधारांवर ठेवावे व उरलेल्या चाकांना अडसर लावावा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असल्याने ड्रममधील धूळ हवेच्या झोताने उडवू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. ब्रेक ऑइल डोळ्यांस अपायकारक आहे, ते वाहनाचा रंग उखडते आणि तापलेल्या सायलेन्सरवर पडल्यास पेट घेऊ शकते. पेडल खाली सरकत असलेले किंवा गळती असलेले वाहन चालवत गॅरेजमध्ये न नेता ओढून न्यावे.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार परिवहन वाहनांना योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असते. खासगी वाहनाची नोंदणी १५ वर्षे वैध असते. तिचे नूतनीकरण करताना वाहन तपासणीस सादर करावे लागते. ब्रेकविषयक अपेक्षा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम ९६ मध्ये दिलेल्या आहेत. धोकादायक दोष असलेले वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवणे कलम १९० अन्वये दंडनीय आहे. मात्र तपासणीच्या दिवशी थंड अवस्थेत लागणारे ब्रेक हे ब्रेक ऑइल व नळ्या सुस्थितीत असल्याचे प्रमाण नव्हे. त्यांची स्वतंत्र तपासणी करावी लागते.

हेही पाहा

- पास्कलचा नियम
- ड्रम ब्रेक
- एअर ब्रेक
- जवाहरलाल नेहरू बंदर